काठीच्या बुडावरची फुली

नायगाव (पूर्व)
१२ जून २०२४

लीलाआत्या,

नमस्कार शेवटी करीन, आधी मनातलं ओकून टाकते. फोनच केला असता. पण तुला फोनवर काही ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की वरच्या मजल्यावरच्या बाई सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकतात. तू तिकडे चांदीपला, मी इकडे टॉवरच्या अठराव्या मजल्यावर. तेव्हा पत्रच बरं.

आपली क्षितिजा पूलच्या, म्हणजे त्या बिलियर्डसारख्या टेबलावरच्या खेळाच्या, स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आली, हे तुला कळवलंच होतं. ती बाबांच्या जुन्या काठीने खेळते. हल्ली सगळी पोरं दोन तुकड्यांची, स्क्रूने जोडायची काठी वापरतात. हिची मात्र एकसंध, चॉकलेटी, आजोबांची. गेल्या रविवारी तिला मुंबईच्या एका क्लबात खेळायला बोलावलं होतं. कुठल्या, सांगू? बाबा लग्नाआधी जिथे मार्कर होते तिथेच. टेबलं झाडायची, गुण मांडायचे आणि एखादा मेंबर एकटाच आला तर त्याच्याशी खेळायचं, ती नोकरी.

तिथे एका म्हाताऱ्या मेंबरने काठी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि चारचौघांत म्हणाला, "ही आमच्या क्लबची विलायती काठी. चौऱ्याहत्तर साली मार्कर राऊतने चोरली. त्यासाठीच त्याला काढला." क्षितिजा म्हणाली, "ते माझे आजोबा." नंतर सेक्रेटरीने मला बाजूला घेऊन सांगितलं, ३१ ऑगस्टपर्यंत काठी कोणी बनवली ते दाखवा, नाहीतर काठी परत करा. दोन्ही केलं नाही तर ते राज्याच्या संघटनेला कळवणार, आणि मग पोरीची निवड विसरा.

आत्या, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. ते क्लबातून का निघाले, हे मी कधीच विचारलं नाही. घरात तो विषय निघाला की आई भांडी आपटायची. पण माझा बाप चोर नव्हता. मी हे शोधून काढणार म्हणजे काढणार. तू तेव्हा उमेळ्याच्या घरीच होतीस. मला एवढंच सांग, ही काठी कोणी बनवली?

तुझी विनया


चांदीप
२१ जून

विनया,

आशीर्वाद आहेतच. तू रागावलीस म्हणून ते काही आटत नाहीत.

पत्र दोनदा वाचलं. माझं ऐकशील तर काठी त्यांना देऊन टाक आणि मोकळी हो. लाकडाचा तुकडा तो. त्याच्यापायी दादाचं एकदा वाटोळं झालं तेवढं पुरे. चांगली नोकरी गेली आणि जन्मभर केळीच्या बागेत राबला. आता पोरीच्या मागे ती पीडा कशाला? तिला नवी घेऊन दे.

कोणी बनवली ते मला काय ठाऊक? मी तेव्हा परकरातली पोर. कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या सामानातून त्याने आणली असेल. इकडे राब पेरून झालेत, आणि तुझ्या आतोबांची कंबर धरली आहे. मला जुनी मढी उकरायला सवड नाही.

आंबे संपले. फणसाची साटं पाठवते, क्षितिजाला आवडतात.

आत्या


नायगाव
३० जून

आत्या,

"आणली असेल"? म्हणजे काय गं? तूसुद्धा सख्ख्या भावाला चोर समजतेस? तुझं पत्र मी क्षितिजाला दाखवलंच नाही. साटं दिली, ती तिने एका दिवसात संपवली.

तू सांगत नाहीस तर मी काठीलाच विचारते. क्षितिजाच्या क्लासच्या सरांनी काठीच्या बुडाचं रबर काढलं, बाबांनी चिकटवलेलं. आत लाकडावर एक खूण निघाली. एक उभी रेघ, एक आडवी. सरळ क्रूस. मी मूर्खासारखा फोटो काढून सेक्रेटरीला पाठवला. तो म्हणे, बघा, हा विलायती कारखान्याचा शिक्का! मी म्हटलं, कुठला कारखाना, नाव सांगा. ते त्याला सांगता येईना.

मला वाटतं, क्रूस म्हणजे आपल्याच वसईतला कोणी ख्रिस्ती सुतार. देवळातली बाकं, कोरीव दारं करणारे एकेक काय हात होते इथे! बाबांचे तिकडे मित्रही होते. तुला कोणी आठवतं का? नीट आठव. हा माझ्या बापाच्या नावाचा प्रश्न आहे.

विनया


चांदीप
८ जुलै

विनया,

हो गं, बरोबर बोललीस. क्रूस आहे म्हणजे कोणीतरी ख्रिस्तीच असणार. पापडी गावात विचार, गिरीजला विचार. दादाची तिकडे पुष्कळ ऊठबस होती. पापडीला रोझलिन म्हणून आहे, तिचा सासरा देवळाची बाकं करायचा. आधी तिच्याकडे जा. तिथे नाही कळलं तर आगाशीला जा. घाई करू नकोस, सावकाश शोध.

मी तुझ्या बापाला चोर म्हटलं नाही. असलं पुन्हा लिहू नकोस. माझ्या जिवाला लागलं.

आत्या


नायगाव
२१ जुलै

आत्या,

चुकलं माझं, रागात लिहून गेले. पण तूही मला असं कोड्यात ठेवू नकोस.

रोझलिनबाईंकडे गेले. घर सापडायला त्रास झाला, कारण जिथे तिथे बिल्डिंगा उठल्यात. बाई सत्तरीच्या, पण खणखणीत. त्यांनी मला आधी जेवायला बसवलं, मग काठी घेतली. बुडाची खूण पाहिली आणि काठी तशीच जमिनीला टेकवून उभी केली. मला म्हणाल्या, "खेळणारा माणूस आपली पाळी येईपर्यंत काठी अशीच धरून उभा राहतो ना?" मी हो म्हटलं. "मग बुडाला काय लागतं? लादी. धूळ, थुंकी, चपला. अगं, आमचा माणूस तिथे क्रूस घालील होय? माझ्या सासऱ्याने बाकाच्या पाठीवर क्रूस कोरले, पायांना कधी नाही. हे आमच्यातल्या कोणाचं काम नव्हे."

आत्या, मला कानाखाली बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं वसईत राहून एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आपल्याला दोन रेघा दिसल्या की आपण लगेच दुसऱ्याचा देव शोधायला लागतो.

मग त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. ते कोरलेलं नाहीच. काठीच्या बुडाला दोन चिरा पाडून त्यांत वेगळ्या लाकडाच्या दोन पातळ पाचरा ठोकल्या आहेत, एक उभी, एक आडवी. फावड्याचा दांडा हलू नये म्हणून ठोकतात ना, तशा. काठीला कशाला हव्यात पाचरा?

आणखी एक. पावसाळ्यात या काठीवर पांढरी पूड येते. बाबा दर वर्षी ती फडक्याने पुसायचे आणि मला ती बुरशी वाटायची. परवा आमच्या पोरीने त्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट! आत्या, ते मीठ आहे. लाकडात मुरलेलं मीठ.

आता मला पाचर आणि मीठ यांचा मेळ घालायचा आहे. काही सुचलं तर लगेच लिही.

विनया


चांदीप
२६ जुलै

विनया,

खूप झालं. माझ्या गळ्याची शपथ आहे, नायगावच्या कोळीवाड्यात जाऊ नकोस. पोरीला नवी काठी घ्यायला मी माझ्या बांगड्या देते.

आत्या


नायगाव
५ ऑगस्ट

आत्या,

मी कोळीवाड्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तूच काढलंस.

म्हणून गेले. तुझी शपथ मोडली, त्याचं जे काय व्हायचं ते होवो. जाऊन जाऊन लांब कुठे? रेल्वेचा पूल ओलांडून पलीकडे. सहा वर्षं माझ्या खिडकीतून ती खाडी दिसते आणि मी तिथे फक्त पापलेट आणायला गेलेली.

जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याला काठीचं बूड दाखवलं. तो हसला. "मिठागराचा दांडा हाय ह्यो. मिठात खिळा टिकत नाय, लोखंड सडून जातं. म्हनून मीठ ओढायचा फावडा सगला लाकडाचा, आन दांड्याला पाचर. बाकी लोक एक पाचर मारायचे. उभी-आडवी दोन मारनारी एकच होती. पुतळाबाय. तिचा दांडा कधी सुटला नाय."

मारणारी! मी आजवर सुतार शोधत होते, मिस्त्री शोधत होते, बाप्येच शोधत होते.

पुतळाबाई ओट्यावर जवळा निवडत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, दात नाहीत, हात मात्र भक्कम. मी काही बोलायच्या आधीच तिने काठी हातात घेतली, बोटांनी चाचपली. बुडाकडे पाहिलंसुद्धा नाही. "धामनीच्या लाकडाची हाय," म्हणाली. मग वर बघून विचारलं, "दिना बरा हाय ना?"

मी म्हटलं, मी त्याची मुलगी, बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. तिने पदराने तोंड झाकलं. मग म्हणाली, "चांगला धंदा करायचा होता म्हनून त्यानं ती मुंबईची नोकरी सोडली. मना सांगितलं होतं त्यानं. जमला का धंदा?"

आत्या, 'ही तुम्हीच बनवली का?' हा ओठांवर आलेला प्रश्न मी गिळला. तुझ्या त्या दोन ओळींमुळेच गिळला. तिला काही माहीत नाही, आणि तुला सगळं माहीत आहे. तिने नुसतं "मी बनवली" म्हटलं की बाबा सुटतात, क्षितिजा सुटते. मग तू मला का अडवतेस? आता खरं सांग. नाहीतर मी उद्या जाऊन तिलाच विचारते.

विनया


चांदीप
११ ऑगस्ट

विनया,

सांगते. पण शेवटपर्यंत वाच आणि मग काय ते ठरव.

मिठागर पावसाळ्यात बंद. तेव्हा पुतळा आपल्या उमेळ्याच्या बागेत कामाला यायची. नवरा खाडीत बुडालेला, पदरात तीन पोरं. दादा सुट्टीच्या दिवशी खळ्यात सुपाऱ्या मांडून बांबूने नेम धरत बसायचा. क्लबात मार्करांना मेंबरांनी टाकलेल्या वाकड्या काठ्या मिळायच्या. पुतळा त्याच्या नेमाला हसायची. एकदा म्हणाली, "नेम तुझा सरळ हाय रे, बांबू वाकडा हाय. मी देते तुला." मिठागरावरचा एक मोडका दांडा तिने गवताच्या भाऱ्यात घालून आणला. वर्षानुवर्षं मिठाचं पाणी प्यालेली धामण, दगडासारखी. आपल्या पडवीत बसून काचेच्या तुकड्याने ती सबंध पावसाळा तो तासत होती. मी तिला खोबरेल नेऊन द्यायचे. असं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

आता ऐक. मिठागराचा मालक मोडक्या दांड्याचाही हिशेब घ्यायचा. चुलीला चार ढलप्या नेल्या म्हणून त्याने एका गड्याला बायकापोरांसकट झोपडीतून हाकलला होता. आणि हाच मालक तुझ्या त्या क्लबाचा मेंबर. रोज संध्याकाळी तिथे खेळायला. त्यांची एक विलायती काठी हरवली आणि दादाच्या हातात अशी सुरेख काठी दिसली. कोणी बनवली, विचारलं, तर मालक समोरच उभा. दादा गप्प राहिला. नाव सांगितलं असतं तर पुतळा पोरांसकट रस्त्यावर आली असती.

घरी येऊन त्याने मला शपथ घातली, "हे पुतळाला कधी कळता कामा नये. कळलं तर ती उठून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहील." तुझ्या आईलाही त्याने सांगितलं नाही. तिला वाटायचं नवरा चोर, आणि तसं वाटत असतानाही तिने त्याच्याशी संसार केला. त्या दोघांचं मला फार वाईट वाटतं गं. पन्नास वर्षं मी हे दाबून धरलंय. मालक मेला, मिठागर बुजलं, पण दादा मला मोकळी न करताच गेला. मेलेल्या माणसाची शपथ मी कशी मोडू? आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला आता जाऊन सांगायचं, की तुझ्यापायी तो चोर ठरला?

आत्या


नायगाव
१८ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र मी क्षितिजाला वाचून दाखवलं. मध्येच मला वाचता येईना, पुढचं तिनेच वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "आजोबा गप्प राहिले ना? मग मी बोलणारी कोण? काठी देऊन टाकू. मी दुसऱ्या काठीने जिंकते."

पोरीने माझा माजच उतरवला. मी नुसती बापाचं नाव धुवायला निघाले होते. ते कशाने मळलं हे मला कुठे माहीत होतं?

तेव्हा ठरलं. शनिवारी, ३१ तारखेला, अकरा वाजता काठी त्यांच्या टेबलावर ठेवणार. पुतळाबाईला काही कळणार नाही, तुझी शपथ शाबूत राहील. पण एक सांगते, ठेवताना मी मान खाली घालणार नाही. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघून ठेवणार. आणि घरी येऊन आईच्या फोटोपुढे बसून तिला सगळं सांगणार.

विनया


नायगाव
१ सप्टेंबर

आत्या,

तू महा लबाड आहेस. पत्राला उत्तर नाही म्हणून मी काळजीत, आणि बाईसाहेब गुपचूप एसटीने नायगावला येऊन गेल्या! चार पावलांवर माझं घर असून डोकावलीसुद्धा नाहीस.

काल आम्ही निघत होतो तेवढ्यात बेल वाजली. दारात पुतळाबाई. धुवट लुगडं, केसांत अबोलीचा गजरा आणि खांद्यावर मीठ ओढायचा लाकडी फावडा. लिफ्टमध्ये तो तिरका घालून आणला होता. म्हणाली, "तुझी आत्या येऊन गेली. बहिरी झालीय बाय, इतकी वरडून बोलली का सगला पाडा ऐकत होता. चल, कुठं हाय तो क्लब?"

मी म्हटलं, आजी, तुम्ही कशाला? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला घातल्या.

क्लबात सेक्रेटरी खुर्ची द्यायला लागला. तिने खुर्ची घेतली नाही. फावडा उलटा करून सरळ हिरव्या टेबलावर आडवा टाकला. सेक्रेटरी "अहो बाई, कापड!" करत धावला. तोवर तिने क्षितिजाची काठीही त्याच्या बाजूला ठेवली. दोन बुडं शेजारी शेजारी. तीच उभी पाचर, तीच आडवी. तो म्हातारा मेंबर वाकून बघत राहिला. पुतळाबाई त्याला म्हणाली, "विलायती म्हनता ना? मग इंग्रज काय आमच्याकडं मीठ ओढायला आलता?"

क्षितिजाला हसू आवरेना. मला मात्र रडू.

सेक्रेटरी समजूतदारपणे म्हणाला, झालं, गैरसमज मिटला, काठी तुमचीच, या आता. पुतळाबाई हलली नाही. "तुमचं मिटलं. माझं नाय मिटलं. लाकूड चोरीचंच हाय. ते मी चोरलं, मिठागराच्या मालकाचं. तो मेला, मिठागर बुजवून तुम्ही लोकांनी घरं बांधली. आता मना कोनाकडं धाडता ते सांगा. पन तुमच्या कागदात दिना चोर हाय. त्याचं नाव खोडा आन माझं लिवा."

ते म्हणाले, एवढं जुनं दप्तर इथे नसतं. ती म्हणाली, "मग आना. मी बसते." आणि तेव्हा कुठे ती खुर्चीत बसली. त्यांनी चहा दिला, तो तिने घेतला नाही. दुपार टळली. शेवटी त्या म्हाताऱ्या मेंबरलाच बसवेना. तो स्वतः उठला, शिपायाला घेऊन माळ्यावर गेला आणि चौऱ्याहत्तरचं पुस्तक घेऊन आला. बाबांच्या नावापुढची ओळ त्याने आपल्या हाताने खोडली, खाली नवी ओळ लिहून सही केली. पुतळाबाईने क्षितिजाला विचारलं, "काय लिवलंन?" क्षितिजाने वाचलं: "ही काठी पुतळाबाई भोईर, नायगाव, यांनी बनवली." ती म्हणाली, "चोरली नाय लिवलं?" म्हातारा म्हणाला, "बाई, ते आमच्या अखत्यारीत येत नाही." आणि तिला हात जोडून उभा राहिला.

परत येताना टॅक्सीत, खाडीवरचा वर्सोव्याचा पूल गेला तेव्हा तिने मला विचारलं, "दिना कधी बोलला का गं, काठी कशी वाटली ते? देताना मी इचारलं नाय. लाजले." आत्या, बाबा कुठे काही बोलायचे! तुला ठाऊक असलं तर लिही. ती वाट बघते आहे, आणि मीही.

नमस्कार राहिला होता, तो आता करते. पायांवर डोकं ठेवून.

तुझी विनया


चांदीप
६ सप्टेंबर

विनया,

उद्या गणपती, घरात पसारा पडलाय, पण हे आधी लिहिते. हातातलं पीठसुद्धा धुतलं नाही, कागदाला लागलंय बघ.

शपथ मोडली खरी. तुझी पोर गप्प राहायला तयार झाली, तेव्हा मला माझीच लाज वाटली. एसटीत दादाला मनातल्या मनात म्हटलं, रागावायचं तर रागाव, मी वर येईन तेव्हा भांडू. तुझ्याकडे आले नाही, कारण तुझं तोंड पाहिलं असतं तर माझा धीर सुटला असता.

पुतळाला काय सांगायचं ते सांगते. हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही, आणि तुलाही लिहिलं नाही, कारण हे आठवलं की मला आजही हुंदका येतो. मोठ्याने सांग, सगळ्या पाड्याला ऐकू जाऊ दे.

क्लबाचा साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने दादाला एकट्याला बोलावून सांगितलं होतं, "राऊत, काठी आणून ठेव. मी काही विचारणार नाही. तुझी नोकरी राहील." दादा घरी आला. पडवीत बसून काठीला खोबरेल लावलं, ती भिंतीला उभी केली, आणि सकाळी रिकाम्या हातांनी जाऊन काठीऐवजी नोकरी देऊन आला.

आत्या